बेसेसच्या भिंतीला लागून

आमच्या घराच्या मागं हातगाडी जाईल एवढा बोळ होता आणि बोळाच्या पलीकडं मैदानाची भिंत. दोन पुरुष उंच, विटांची, गिरणीच्या धुरानं काळी पडलेली. सोलापूर सोडून आम्ही इंग्लंडला त्या घरात राहायला आलो तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. पहिल्याच शनिवारी दुपारी भिंतीपलीकडून असा काही आवाज उठला, की फळीवरच्या कपबशा वाजायला लागल्या. आई भाकरी थापत होती. तिनं पिठाच्या हातानं मला ओढलं, जिन्याखालच्या कपाटात कोंबलं आणि बाहेरून दाराला पाठ लावून उभी राहिली. तिला वाटलं दंगल झाली. वडील, म्हणजे आमचे दादा, कामावरून आले तेव्हा ती तशीच उभी. दादा हसून हसून जिन्यावर बसले. "अगं, बॉल गेला जाळीत. गोल झाला." आई म्हणाली, "एका बॉलापायी एवढे बोंबलतात? मग माणूस मेल्यावर काय करतात हे लोक?" दादा म्हणाले, "तेव्हा गप बसतात."

गेल्या थंडीत माझी बायको सुशीला गेली. क्रिमेटोरियममध्ये अर्ध्या तासाचा स्लॉट मिळाला होता. सगळे काळे कोट घालून गप बसले होते, एकाच्याही तोंडातून हूं नाही. मला मोठ्यानं ओरडावंसं वाटत होतं. मीही गप बसलो. गप बसायची सवय मला जुनी आहे, आणि ती कुठं लागली तेच या प्रकरणात सांगायचं आहे.

लिहिणं हा माझा धंदा नाही. इथल्या शाळेत मी चार वर्षं गेलो, पंधराव्या वर्षी बाहेर पडलो आणि दादांच्याच गिरणीत लागलो. मराठी जेवढं येतं तेवढं सोलापूरच्या मुन्सिपाल्टीच्या शाळेतलं. आता मी लंडनमध्ये हॅरोला मुलाकडं राहतो. नात इरा हिनं जाड वही आणून दिली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही लिहा ना, तुमचा सगळा गोष्ट." तिच्या मराठीत सगळ्या गोष्टी पुरुष असतात. मी दुरुस्त करत नाही. बोलते हेच पुष्कळ. त्या गावाचं नाव मात्र मी लिहिणार नाही. उत्तरेकडचं गिरणीचं गाव, एवढं बास.

दादा सोलापुरात चादरीच्या मिलमध्ये रंगखात्यात होते. इथं गालिच्याच्या गिरणीत तेच काम मिळालं. त्यांचे हात मनगटापर्यंत रंगलेले असायचे आणि रंग रोज बदलायचा. शाळेतून आलो की मी आधी त्यांचे हात बघायचो. आज निळे, म्हणजे कुठल्यातरी हॉटेलचं काम. आज लाल, म्हणजे सिनेमाघर. जेवताना ते भाकरी मोडायचे तर भाकरीला रंग लागत नसे, पण आईला कायम वाटायचं की लागतो. ती आपल्या हातानं तुकडे मोडून त्यांच्या ताटात टाकायची. ज्वारीचं पीठ तिथं मिळत नव्हतं. आई गव्हाच्या पिठात कसलंतरी भरड पीठ मिसळून थापायची. ते धड भाकरी नाही, धड पोळी नाही. शेंगाचटणीला शेंगदाणे मिळायचे ते खारवलेले, पबात देतात ते. आई ते पाण्यात भिजवून मीठ काढायची, फडक्यावर दोन दिवस वाळवायची, परत भाजायची आणि मांस दळायच्या हातयंत्रातून काढायची. यंत्र नवं आणलं होतं, त्याला मांस कधी लागलं नव्हतं, तरी पहिल्यांदा तिनं ते सात वेळा धुतलं.

धुणं हे आईचं मोठं काम होतं. सोलापुरात आमच्या खोलीत शहाबादी फरशी होती आणि कोपऱ्यात मोरी. सणाला, पाहुणा यायचा असला की, आई बादल्याच्या बादल्या पाणी जमिनीवर ओतायची आणि खराट्यानं मोरीकडं लोटायची. काळी फरशी आरशासारखी दिसायची. "पाहुण्याच्या पायाला धूळ लागली तर घराची अब्रू गेली," असं म्हणायची. इथं घराला लाकडाच्या फळ्या, वर लिनो, म्हणजे जाड मेणकापडासारखं अंथरतात ते, आणि मोरी कुठंच नाही. पाणी ओतलं तर जाणार कुठं? पहिल्या आठवड्यातच दादांनी तिला ताकीद दिली, "इथं ओतायचं नाही. ओल्या फडक्यानं पुसायचं." तिनं ऐकलं, पण तिचा जीव भरायचा नाही. मग ती हौस बोळात भागवायची. मॅच सुटली की लोक आमच्या बोळात भिंतीला तोंड करून लघवीला उभे राहायचे. रविवारी सकाळी आई नऊवारीचा काष्टा घट्ट करून, अंगावर दादांचा जुना कोट चढवून बादल्या घेऊन निघायची. शेजारची मिसेस ग्रीव्ह खिडकीतून ओरडायची, "मिसेस शिंदे इंग्लंड धुवायला निघाल्या बघा!" आईला इंग्लिश कळत नव्हतं. ती हात हलवायची आणि मराठीतून म्हणायची, "तू पण ये की गं, म्हातारे."

मैदानाची हकिकत मला मिसेस ग्रीव्हनंच सांगितली. तिला गुडघेदुखी होती. मी तिचा कोळसा आत आणून द्यायचो आणि ती मला साखर लावलेला ब्रेडचा तुकडा द्यायची. त्या मैदानाला सगळे 'बेसेस' म्हणायचे. मी एकदा विचारलं, का म्हणून? ती म्हणाली, "अरे, ते फुटबॉलचं नाहीच मुळात. बेसबॉलचं आहे." आमच्या गिरणीचा जुना मालक गालिचे विकायला अमेरिकेला गेला होता. तिथं त्यानं बेसबॉल बघितला आणि तो खेळ डोक्यात घेऊनच परत आला. गिरणीच्या मागं शेत होतं ते सपाट केलं, भिंत घातली आणि दोन अमेरिकन खेळाडू पगारावर आणून ठेवले. पगारी खेळाडू, म्हणजे कामच खेळायचं! मिसेस ग्रीव्हचा आजा गिरणीत लोकर पिंजायचा आणि शनिवारी बेसबॉल खेळायचा. "दोन-तीन वर्षं लोक आले," ती म्हणाली, "कारण आत जायला पैसे पडत नव्हते आणि बाहेर पाऊस होता. मग अमेरिकन परत गेले. त्यातला एक आमच्या आत्याला फसवून गेला. मग फुटबॉल आला."

पण मैदानाचा आकार बेसबॉलचाच राहिला. एक कोपरा टोकदार, पंखा उघडावा तसा. तो कोपरा आमच्या रांगेकडं होता. भिंत तिथं तिरकी येऊन आमच्या बोळाला भिडायची, म्हणून त्या बाजूला प्रेक्षकांसाठी लांब स्टँड बांधायला जागाच नव्हती. तीन बाजूंना छपरं, चौथ्या बाजूला नुसती भिंत आणि मागं आम्ही. लहानपणी मला याची मजा वाटायची. एका म्हाताऱ्यानं अमेरिकेत जाऊन एक खेळ बघितला आणि त्यापायी शंभर वर्षांनी आमच्या घराचं काय झालं, हे कळायला मला अजून थोडे दिवस होते.

माझ्या तेराव्या वर्षी त्या मैदानावरचा फुटबॉल क्लब वरच्या डिव्हिजनला चढला. गावात लोक रडत होते, रस्त्यात मिठ्या मारत होते. दादाही खूश. गिरणीत साहेबानं सगळ्यांना बिअर पाजली. दादांनी आपली मिसेस ग्रीव्हसाठी घरी आणली. पुढं ऐकायला आलं की गिरणीच्या मालकांना मैदान जड झालंय आणि कौन्सिल, म्हणजे तिथली मुन्सिपाल्टी, ते विकत घेणार आहे. क्लबला ते नाममात्र भाड्यानं देणार आणि नवं मोठं स्टँड कौन्सिल स्वतःच्या पैशानं बांधणार. कौन्सिलचा पैसा म्हणजे गावाचा पैसा, दर घरामागं कर भरतात तो. आमचाही त्यात होता. एक कौन्सिलर पेपरात म्हणाला होता, गावाची ओळख गावाच्या टीमवरून होते. मिसेस ग्रीव्हनं ते मला वाचून दाखवलं आणि पेपरात राख गुंडाळली. "आणि स्टँड कुठं बांधणार, ठाऊक आहे?" तिनं काठी उचलून आमच्या दोघांच्या घरांवरून अशी फिरवली.

घरं पाडायची तर आधी ती राहायला नालायक ठरवावी लागत. आमच्या रांगेत अकरा घरं. त्यातली काही खरंच वाईट होती, छपरातून पाणी गळायचं. पण आमचं नऊ नंबर चांगलं होतं. दादांनी आणि गिरणीतल्या दोन मित्रांनी उन्हाळाभर राबून छप्पर नवं केलं होतं, खिडक्यांना त्यांच्या हातासारखाच निळा रंग दिला होता. मिसेस ग्रीव्ह सगळ्यांना सांगत फिरायची, "नऊ नंबर पास झालं ना, की रांग पाडता येणार नाही त्यांना. मधलं घर ठेवून आजूबाजूचं कसं पाडतील?" बाया आईला रस्त्यात थांबवून तिचा हात दाबायच्या. ज्या बाया आधी नमस्कारालाही मान हलवत नव्हत्या, त्या. आई मला विचारायची, "काय म्हणतायत रे?" मी म्हणायचो, "आपल्या घरावर सगळी मदार आहे म्हणतायत." आई लाजायची.

मग पत्र आलं. घरात इंग्लिश वाचणारा मी एकटा. वर 'हेल्थ डिपार्टमेंट' असं लिहिलं होतं, आणि अमुक दिवशी सकाळी साहेब घर बघायला येतील, एवढं मला कळलं. बाकीचे शब्द माझ्या डोक्यावरून गेले. मी माझ्या अकलेनं अर्थ लावला. हेल्थ म्हणजे आरोग्य, आरोग्यवाले काय बघणार? स्वच्छता. मी आईला म्हणालो, "घर किती स्वच्छ ठेवता ते बघायला साहेब येणार आहे." दादांना पहाटेच्या पाळीला जायचं होतं. जाताना एवढंच म्हणाले, "नीट बोल त्याच्याशी. सर म्हण."

दादा गेले आणि आईनं पदर खोचला. मला म्हणाली, "म्हाद्या, बादल्या काढ." मी म्हणालो, "आई, दादांनी सांगितलंय ना, ओतायचं नाही." ती म्हणाली, "आज रोजच्यासारखं पुसायचं? आपल्या घरावर सगळ्या गल्लीची मदार आणि मी फडकं फिरवून बसू?" मला ते पटलं. खरं सांगतो, मला अभिमान वाटला. आम्ही दोघांनी लिनो गुंडाळून उभा केला. मी नळावरून बादल्या आणल्या, वीस असतील की तीस. आईनं ओतल्या. उंबऱ्यापासून मागच्या दारापर्यंत फळ्या खसखसून घासल्या, भिंती गुडघ्यापर्यंत घासल्या आणि खराट्यानं सगळं पाणी मागच्या दारातून अंगणात लोटलं. सोलापूरसारखा वास आला घराला. ओल्या लाकडाचा होता, पण मला तसा वाटला. मग लिनो परत टाकला, तिनं उंबऱ्याबाहेर तांदळाच्या पिठाची रांगोळी काढली, चिवडा काढून ठेवला आणि हिरवं लुगडं नेसून दारात उभी राहिली.

साहेब बारीक होता, टक्कल पडलेला, हातात चामडी बॅग. रांगोळी बघून तो थबकला आणि तिच्या कडेनं पाय टाकून आत आला. आईनं हात जोडले. तिनं त्याच्या बुटांकडं बघितलं, नुसतंच. पण तो समजला. त्यानं वाकून बूट काढले आणि दाराशी जोडीनं ठेवले. मी अजून कुठल्या गोऱ्या साहेबाला असं करताना बघितलं नव्हतं. तो मोज्यांवर घरभर फिरला. बॅगेतून त्यानं एक डबी काढली, तिला दोन सुया होत्या आणि वर घड्याळासारखा काटा. लिनोची कड उचलून त्यानं सुया फळीत टोचल्या. भिंतीत टोचल्या. काटा हलायचा, तो वहीत लिहायचा. मला वाटलं स्वच्छता मोजतोय. देवाशपथ, मला तेच वाटलं. जाताना आईनं त्याला बळंच बसवून चहा दिला. चिवडा त्यानं मूठभर खाल्ला, मिरची लागली, डोळ्यांतून पाणी आलं. आई पदराआड हसली. तो उठला तेव्हा लिनोवर त्याच्या मोज्यांचे ओले ठसे होते, दारापर्यंत. त्यानं वळून ते ठसे बघितले, मग आईकडं बघितलं, मग माझ्याकडं. काहीतरी बोलेल असं वाटलं. "थँक यू फॉर द टी," म्हणाला आणि बूट घालून गेला.

दादा घरी आले, पाय ठेवला आणि म्हणाले, "हे काय केलंत?" आई म्हणाली, "साहेब बूट काढून आला!" दादांनी लिनोची कड उचलून फळीला हात लावला. लाकूड ओलं होऊ नये एवढंच त्यांना ठाऊक. त्या डबीत काय मोजतात ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

टाऊन हॉलमध्ये सुनावणी झाली. निकाल द्यायला लंडनहून एक साहेब आला होता. तो मधोमध उंच खुर्चीवर. एका बाजूला कौन्सिलचे लोक, त्यांच्यात आमच्याकडं चहा प्यालेला हेल्थचा साहेब मांडीवर फाईल घेऊन बसलेला. मागं क्लबचे लोक, गळ्यात मफलर. एकेक घराचा रिपोर्ट कौन्सिलचा वकील वाचायचा आणि लंडनचा साहेब विचारायचा, घरमालकाला या साक्षीदाराला काही विचारायचं आहे का? आमच्या आधी एका म्हाताऱ्याचा नंबर होता. रिपोर्टात होतं की हा बाथटबमध्ये कबुतरं ठेवतो. म्हातारा उठून म्हणाला, "फक्त थंडीत, सर." सगळा हॉल हसला. मफलरवाले पाय आपटून हसले. म्हातारा उभाच राहिला, मग हळूच बसला. मी त्याच्या कानांकडं बघत होतो. ते लाल झाले होते.

मग नऊ नंबर. दादा माझ्या डाव्या बाजूला, आई उजव्या बाजूला, तेच हिरवं लुगडं नेसून. वकिलानं वाचलं. तळमजल्याच्या सगळ्या जमिनीत आणि भिंतींत जबर ओल. राहण्यास अयोग्य. ओल हा शब्द ऐकला आणि मला डबी आठवली, सुया आठवल्या, काटा कसा हलला ते आठवलं. मला सगळं कळलं, त्या हॉलमध्ये आमच्यापैकी फक्त मला. आईनं विचारलं, "काय म्हणाला?" मी म्हणालो, "घर जुनं आहे म्हणतोय." लंडनच्या साहेबानं विचारलं, घरमालकाला या साक्षीदाराला काही विचारायचं आहे का? दादांनी मला कोपरानं ढोसलं. मागून मिसेस ग्रीव्ह हळू म्हणाली, "बोल ना, लव्ह. बोल."

एक वाक्य होतं. मला इंग्लिशमधून येत होतं, व्याकरणशुद्ध येत होतं. सर, माझ्या आईनं त्या सकाळी जमीन पाण्यानं धुतली होती. बास, एवढंच. पण शाळेत पोरं मला संडासातल्या पाण्याच्या डब्यावरून काय काय म्हणायची ते मला ठाऊक होतं. मला दिसत होतं, मी हे बोललो की मफलरवाले हसतील. लाकडी घरात बादल्या ओतणारी बाई. ते पाय आपटतील आणि आई हिरव्या लुगड्यात मला विचारेल, काय रे, का हसतायत? आणि मला सांगावं लागेल. हेल्थचा साहेब माझ्याकडंच बघत होता, फाईल घट्ट धरून. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "नो, सर."

आठव्या नंबरचाही निकाल तोच, दहाव्याचाही. दोनेक महिन्यांत रांग पाडली.

आम्हाला आठव्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. नवा, कोरडा, गरम पाण्याचा. मिसेस ग्रीव्हला दुसऱ्या टॉवरमध्ये. वर्षाच्या आत ती गेली. लिफ्ट बंद पडली होती, तिला खाली आणायला चार माणसं लागली. आईनं त्या फ्लॅटमध्ये पाण्याची बादली कधी उचलली नाही. खालच्यांच्या छतातून गळेल म्हणायची. फडक्यानं पुसायची, तेही नंतर नंतर मीच. शनिवारी वारा त्या बाजूनं असला तर आवाज तिथवर यायचा, आणि ती हात थांबवून ऐकायची. एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "म्हाद्या, आपल्या घरात त्या माणसाला कमी काय दिसलं रे? एवढं धुतलं होतं." मी म्हणालो, "त्यांना जागा पाहिजे होती, आई." तिनं मान हलवली. पण तो प्रश्न तिनं मरेपर्यंत चार-पाचदा विचारला आणि दर वेळी मी तेच उत्तर दिलं. ते उत्तर खोटं नव्हतं, म्हणूनच मला ते देता आलं.

स्टँड झकास झालं. तिसऱ्या वर्षी क्लब खाली घसरला आणि त्यानंतर ते कधी भरलं नाही. माझं लग्न झालं, सुशीला बार्शीहून आली आणि तिला पहिलं काम मिळालं तेच त्या स्टँडमध्ये झाडायचं. मॅचच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी. तेव्हा मी तिला हे सगळं सांगितलं, आयुष्यात एकदाच. तिनं पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पाणी आईंनी ओतलं, घर त्यांनी घेतलं. तुम्ही मधे कुठं आलात?" मी म्हणालो, "मी मधेच होतो गं. मी बोललो नाही." ती म्हणाली, "बरं, घर कुठं होतं ते दाखवा." मी दाखवलं. तिरक्या भिंतीचा टोकदार कोपरा अजून शिल्लक होता, त्यावरून अंदाज लागायचा. स्वयंपाकघर आलं होतं खालून सहाव्या पायरीला.

सुशीलानं तिथं बावीस वर्षं झाडलं. कंत्राट फक्त झाडण्याचं होतं. पण ती दर रविवारी एक बादली भरून न्यायची आणि ती सहावी पायरी पाण्यानं धुवायची. सुपरवायझर ओरडायचा, "सू, जस्ट स्वीप इट, लव्ह!" ती ऐकायची नाही. घरी येऊन मला सांगायची, "काँक्रीटला उतार दिलाय आणि खाली मोरी आहे. आईंना आवडलं असतं." मी पेपर पुढं धरून बसायचो. मी तिला कधी बरं केलंस असंही म्हणालो नाही. आता म्हणतो. रोज म्हणतो, तर ऐकायला कोण आहे?

आता कौन्सिल परत पैसे काढणार आहे. मोटरवेजवळ नवं स्टेडियम, जुनं पाडायचं, तिथं फ्लॅट. इरा अशाच एका कौन्सिलच्या ऑफिसात कामाला आहे, दुसरीकडं. तिनं ही बातमी मला वाचून दाखवली. मी विचारलं, जुने कागद राहतात का गं? ती म्हणाली, "आजोबा, कौन्सिल काहीच फेकत नाही." तिनं त्या गावच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहिलं. महिन्याभरानं नऊ नंबरच्या कागदाचा फोटो तिच्या लॅपटॉपवर आला. वर टाईप केलेलं, मी हॉलमध्ये ऐकलं होतं तेच. खाली शाईनं, बारीक अक्षरात, हेल्थच्या साहेबाच्या हातचं. इरानं वाचलं, मग मला मराठीत सांगितलं. घर अत्यंत स्वच्छ. माझ्या भेटीसाठी बाईंनी त्याच सकाळी जमीन पाण्यानं धुतलेली. ओलीचं माप भरवशाचं नाही. कोरडं झाल्यावर परत येऊन बघणे. आणि शेवटच्या दोन वाक्यांवर कुणीतरी पट्टी धरून रेघ मारलेली, दुसऱ्या शाईची.

"सो स्वीट ना, आजोबा?" इरा म्हणाली. "पणजी किती क्लीन होता, त्याने लिहिला आहे." मी हो म्हणालो. तिला मी काय सांगू? तो माणूस फाईल मांडीवर घेऊन माझ्याकडं बघत बसला होता. मी विचारलं असतं तर त्याला ते वाचून दाखवावं लागलं असतं. मी विचारावं म्हणूनच तो बघत होता की नाही, ते मला ठाऊक नाही. त्याला स्वतःहून बोलता आलं असतं, तोही बोलला नाही. रेघ मारणारा कोण होता ते तर कुणालाच ठाऊक नाही. सुशीला असती तर म्हणाली असती, बघा, घर त्यांनीच घेतलं. ते खरं आहे. पण त्या हॉलमध्ये प्रश्न मला विचारला होता.

नव्या स्टेडियमबद्दल लोकांनी मत कळवावं म्हणून कौन्सिलनं इंटरनेटवर फॉर्म टाकलाय. खाली एक चौकोन असतो, तुम्हाला आणखी काही म्हणायचं आहे का? मी इराला म्हणालो, "लिही. सर, माझ्या आईनं त्या सकाळी जमीन पाण्यानं धुतली होती. नऊ नंबर. खाली माझं नाव घाल." ती म्हणाली, "आजोबा, इट्स नॉट रेलेव्हंट. ते लोक हसणार." मी म्हणालो, "हसू दे. लिही तू." तिनं लिहिलं आणि पाठवलं.

दोन मिनिटांत उत्तर आलं. मशीनचंच असणार. तुमच्या म्हणण्याची नोंद घेतली आहे, म्हणे.

नोंद तर तेव्हाही झाली होती.